शिरोडकरांचे नाव का खोडायचे?

वैद्यकाच्या भाषेतून माणसांची नावे सरसकट काढून टाकावीत, ही मागणी गेल्या वीसेक वर्षांत बरीच बळावली आहे. पार्किन्सन, अल्झायमर, हॉजकिन, क्रोन, डाऊन ही रोगांना चिकटलेली नावे. फॅलोपिअन नलिका, युस्टेशियन नलिका ही अवयवांना चिकटलेली. त्याखेरीज शस्त्रक्रिया, टाके, चाचण्या, चिमटे यांना चिकटलेली शेकडो नावे आहेतच. ती सगळी काढा आणि त्या जागी रोगाचे किंवा अवयवाचे वर्णन करणारे शब्द आणा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोरासमोर छापल्या. नावे काढा असे अलेक्झांडर वॉयवोट आणि एरिक मॅटेसन यांनी मांडले, तर ती राहू द्या असे ज्युडिथ व्हिटवर्थ यांनी. वैद्यकाबाहेरही हा वाद पेटलेला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी’ने आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांमधून माणसांची नावे एकजात काढायचे ठरवले. कोण चांगला, कोण वाईट, हा भेदच करायचा नाही, असा तो निर्णय होता.

वैद्यकात असे करणे चूक ठरेल. मागणी करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ आहे आणि त्यांच्या हातातले काही पुरावे भक्कम आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायचे तर तपशिलात शिरूनच द्यायला हवे.

त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आधी पाहू. हान्स रायटर हा जर्मन डॉक्टर. सांधे, डोळे आणि मूत्रमार्ग यांना एकाच वेळी सूज आलेल्या रुग्णाचे वर्णन त्याने १९१६ मध्ये केले. १९४२ मध्ये अमेरिकेत वॉल्टर बाउअर आणि एफ्रेम एंगलमन यांनी त्या आजाराला ‘रायटर सिंड्रोम’ म्हटले आणि ते नाव पाठ्यपुस्तकांत रुजले. हाच रायटर हिटलरच्या राजवटीत आरोग्य कार्यालयाच्या प्रमुखपदी होता. बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर टायफसच्या लशीचे जे प्रयोग झाले, त्यांत त्याचा हात होता. त्या प्रयोगांत कैदी मेले. पुढे संधिवाताच्या डॉक्टरांनी हे नाव टाकून द्यावे म्हणून चळवळ केली. २००७ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या एंगलमन यांनी, सहकाऱ्यांसह, पासष्ट वर्षांपूर्वी आपणच केलेली सूचना जाहीरपणे मागे घेतली. आज तो आजार ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ या नावाने ओळखला जातो.

फ्रीडरिश वेगेनर नाझी पक्षाचा सदस्य होता आणि युद्धकाळात जर्मनांनी बळकावलेल्या पोलंडमधल्या लोड्झ शहरात काम करत होता. रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका आजारावरचे त्याचे नाव २०११ मध्ये संधिवात आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून उतरवले. युलिउस हालरफोर्डनने नाझींच्या ‘दयामरण’ मोहिमेत मारल्या गेलेल्या मनोरुग्णांचे आणि मुलांचे मेंदू अभ्यासासाठी घेतले. त्याचे नाव एका मेंदूविकारावरून गेले. माक्स क्लाराने फाशी दिलेल्या कैद्यांच्या शरीरातील ऊती वापरल्या. फुफ्फुसातल्या ‘क्लारा’ पेशी आता ‘क्लब’ पेशी झाल्या.

हे सारे बदल योग्यच झाले. एखाद्या रुग्णाच्या केसपेपरवर, त्याच्याच आजोबांना मारणाऱ्या व्यवस्थेतल्या माणसाचे नाव असणे, ही सहन करण्याजोगी गोष्ट नाही. नाव म्हणजे नुसती खूण, तिच्या मागे कशाला जायचे, असे म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखाचे अजिबात जमत नाही.

पण हे बदल झाले कसे, तेही पाहावे. कोणीतरी दफ्तरे चाळली. कागद बाहेर आले, ते प्रसिद्ध झाले, त्यांवर त्या त्या शाखेत वाद झाले, आणि मग एका विशिष्ट माणसाविरुद्ध निवाडा झाला. रायटरचे नाव गेले ते रायटरच्या कृत्यांमुळे. उद्या सगळीच नावे काढली, तर रायटर आणि पार्किन्सन एकाच दारातून बाहेर पडतील, आणि कोण गुन्ह्यापायी गेला व कोण नियमापायी, हे दोन पिढ्यांनंतरच्या विद्यार्थ्याला कळण्याची सोय उरणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून तो निवाडा मिळवला, त्यांच्या श्रमांचे मोल असे सरसकट हद्दपारीने शून्य होते.

ही भीती काल्पनिक नाही. वेगेनरच्या आजाराचा सख्खा भाऊ शोभावा असा दुसरा एक दाह आहे, दमा आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची वाढ सोबत घेऊन येणारा. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या जेकब चर्ग आणि लोट्टे स्ट्रॉस यांनी तो वेगळा ओळखला, म्हणून तो ‘चर्ग–स्ट्रॉस सिंड्रोम’. चर्ग पोलंडमधून आलेले, स्ट्रॉस जर्मनीतून. दोघेही ज्यू, दोघांनीही १९३० च्या दशकात युरोप सोडून अमेरिका गाठलेली. २०१२ मध्ये चॅपल हिलच्या तज्ज्ञ परिषदेने या रोगसमूहाची नवी नामावली छापली. कारण दिले शास्त्रीय काटेकोरपणाचे. त्या नामावलीत वेगेनरच्या जागी जसे वर्णनात्मक नाव आले, तसेच चर्ग आणि स्ट्रॉस यांच्याही जागी आले. नाझी पक्षाच्या सदस्याचे नाव गेले, आणि नाझींच्या युरोपातून निसटलेल्या एका पुरुषाचे व एका स्त्रीचे नावही त्याच्याच पंक्तीत बसून गेले. न्यायाच्या भावनेने सुरू झालेल्या कामाचा हा शेवट कोणत्या अर्थाने न्याय्य म्हणायचा?

नावे काढू म्हणणाऱ्यांचा दुसरा आधार असा, की वर्णनात्मक शब्द तटस्थ असतो. व्यक्तीच्या नावामागे इतिहासाचे ओझे येते, वर्णनामागे ते येत नाही. वैद्यकाचा इतिहास याच्या नेमका उलट बोलतो.

इंग्लंडमधले जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये काही मुलांचे एक लक्षणचित्र मांडले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी त्या मुलांना ‘मंगोल’ वंशाच्या खान्यात टाकले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे ‘मंगोलिझम’ हा शब्द चालला. तो शब्द वर्णनात्मकच होता. मात्र ते वर्णन खोटे होते, आणि एका अख्ख्या लोकसमूहाला व त्या मुलांना एकाच वेळी हिणवणारे होते. १९५९ मध्ये झेरोम लजन यांनी या मुलांमध्ये एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असल्याचे दाखवले. १९६१ मध्ये जनुकशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून जुना शब्द टाकण्याची विनंती केली. सह्या करणाऱ्यांत डाऊन यांचा नातूही होता. ‘लॅन्सेट’ने ‘डाऊन सिंड्रोम’ हे नाव पसंत केले. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही जुना शब्द सोडला. वर्णनाने केलेली इजा येथे माणसाच्या नावाने थोपवली. ज्याने ते वर्णन केले त्याचेच नाव आले, हे खरे. तरी ज्या आईच्या मांडीवर ते मूल आहे, तिला ‘डाऊन’ या शब्दात आपल्या मुलाविषयीचा कोणताही शेरा ऐकू येत नाही. एवढ्यासाठीच तो शब्द मोलाचा आहे.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण कुष्ठरोगाचे. महारोग, रक्तपिती, कुष्ठ: मराठीत या आजाराची नावे कानावर पडली की माणसे आजही दोन पावले मागे सरतात. या शब्दांवर कायदे उभे राहिले. १८९८ चा ‘लेपर्स ॲक्ट’ रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहकायद्यांतून निघायला २०१९. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला संस्था काढली तेव्हा तिच्या नावातच ‘महारोगी’ हा शब्द घेतला, आणि आनंदवनात हयातभर त्या शब्दाभोवतीच्या भीतीशी झगडत राहिले. हा झगडा अमेरिकेतही झाला. लुइझियानातल्या कारव्हिल येथे कुष्ठरुग्णांना सक्तीने ठेवण्यात येई. तेथल्या रुग्णांनी स्टॅन्ली स्टाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘द स्टार’ नावाचे नियतकालिक चालवले आणि त्यातून सातत्याने मागणी केली, की आमच्या आजाराला ‘हॅन्सनचा आजार’ म्हणा. ब्राझीलने तर १९९५ मध्ये कायदा करून सरकारी कागदपत्रांतून जुना शब्द काढला आणि हॅन्सन यांच्या नावावरून बनवलेला शब्द आणला.

यातही हा गेर्हार्ड हॅन्सन काही संत नव्हता. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १८७३ मध्ये त्याने या रोगाचा जंतू पाहिला आणि रोग आनुवंशिक नसून संसर्गाने होतो, हे सांगितले. पण १८७९ मध्ये त्याने एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या शरीरातला अंश टोचला. तिने तक्रार केली, खटला झाला, आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्याला रुग्णालयातल्या पदावरून दूर केले. संमतीशिवाय प्रयोग करणाऱ्याला शिक्षा झाल्याचे हे फार जुने उदाहरण आहे. सरसकट नियम करणाऱ्याला हॅन्सनचा गुन्हा दिसला की पुरे, नाव खोडले जाईल. पण ते नाव मागितले कोणी? ज्यांच्या बोटांची संवेदना गेली होती, ज्यांना घराबाहेर काढले होते, त्या रुग्णांनी. हॅन्सनचा दोष आणि रुग्णांची मागणी या दोन्ही गोष्टी समोर ठेवून निर्णय करायचा, तर तो त्या एकाच नावापुरता, त्या माणसांना विचारून करावा लागतो. हॅन्सनचे वर्तन सांगितलेच पाहिजे. आणि ते सांगायला निमित्त मिळते, ते त्याचे नाव शब्दात शिल्लक आहे म्हणून.

एड्सचा विषाणू माहीत होण्यापूर्वी, १९८२ च्या सुमारास, काही डॉक्टरांनी या आजाराला समलिंगी पुरुषांशी जोडणारे वर्णनात्मक नाव दिले होते. ते थोड्याच काळात मागे पडले. पण तेवढ्यात लोकांच्या मनात जो गैरसमज बसला तो निघायला फार वर्षे लागली.

वर्णन अपमानकारक नसेल तरी ते चुकीचे असू शकते, कारण वर्णन करणारा त्याच्या काळाच्या समजुतीने वर्णन करतो. मलेरिया म्हणजे मुळात वाईट हवा. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहिला, तेव्हा त्या नावातला सिद्धान्त मेला. नाव मात्र जगभर तसेच राहिले. लंडनजवळच्या हॉक्स्टनमधल्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ज्या आजारावर निबंध लिहिला त्याला त्यांनी स्वतःचे नाव दिले नव्हते. त्यांनी वर्णनच केले होते, थरथरीचा लकवा असे. ते वर्णन फ्रान्सच्या जाँ-मार्तँ शार्को यांना पटले नाही. या रुग्णांचे बळ गेलेले असतेच असे नाही आणि थरथरही सगळ्यांना असते असे नाही, मग याला लकवा कसे म्हणायचे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी पार्किन्सन यांचे नाव पुढे केले. मराठीत ‘कंपवात’ हा शब्द चांगला रुळला आहे, पण त्यात तीच अडचण आहे. हात थरथरत नाही म्हणजे कंपवात नाही, असे घरच्यांना वाटू शकते. चाल संथ होते, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे हावभाव मावळतात, आणि तरी रोगाचे नाव मात्र थरथरीकडेच बोट दाखवते. पुण्यातल्या रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आपल्या मंडळाचे नाव ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ ठेवले आहे.

हंटिंग्टनच्या आजारात तर व्यक्तिनाम आणि वर्णन यांची समोरासमोर परीक्षाच झाली. १८७२ मध्ये बावीस वर्षांच्या जॉर्ज हंटिंग्टन यांनी, आजोबा आणि वडील अशा दोन डॉक्टर पिढ्यांच्या नोंदींचा आधार घेऊन, लाँग आयलंडवरच्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हा विकार मांडला. पुढे त्याला ‘हंटिंग्टन कोरिया’ म्हणू लागले. कोरिया म्हणजे अंगाचे अनावर, नाचल्यासारखे हेलकावे. कालांतराने लक्षात आले की प्रत्येक रुग्णात ते हेलकावे नसतात, आणि मन व बुद्धी यांवर होणारा परिणाम अनेकदा अधिक जड असतो. तेव्हा दोन शब्दांतला एक काढावा लागला. काढला गेला तो वर्णनाचा. हंटिंग्टन राहिले, कारण त्या नावात चुकायला काही नव्हतेच.

आता सोयीचा मुद्दा. वर्णनात्मक नाव ऐकताच अर्थ कळतो, म्हणून विद्यार्थ्याला आणि रुग्णाला ते सोपे, असे सांगितले जाते. वेगेनरच्या जागी आलेले नाव ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ असे आहे. ते वॉर्डात कोणी उच्चारत नाही. म्हणतात ‘जीपीए’. चर्ग–स्ट्रॉसच्या जागी ‘ईजीपीए’. वर्णन लांब होते, लांबले की आद्याक्षरांत आक्रसते, आणि आद्याक्षरे कशाचेच वर्णन करत नाहीत. एवढेच नव्हे, ती एकमेकांत गुंततात. ‘एमएस’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, की हृदयाची अरुंद झालेली झडप मायट्रल स्टेनोसिस, की मॉर्फिन सल्फेट? केसपेपरवरचा हा गोंधळ रुग्णाच्या जिवाशी खेळू शकतो. व्यक्तिनामांतही गोंधळ आहे, हे मान्य. जेम्स पॅजेट यांच्या नावावर हाडांचा एक आजार आहे आणि स्तनाग्राचा एक, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ‘हाडांचा पॅजेट’ म्हटले की तो गोंधळ संपतो. त्यासाठी पॅजेट यांना घालवावे लागत नाही.

या मुद्द्यावर मुंबईचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, आणि सरसकट नियमाची किंमत मराठी वाचकाला तेथेच पुरती कळेल. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यात जन्मले आणि मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच पडतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पिशवीचे तोंड गर्भाचा भार पेलत नाही आणि वेळेआधी उघडते. शिरोडकरांनी या स्त्रियांसाठी टाका बसवला. योनीचे आवरण थोडे उघडायचे, मूत्राशय वर सरकवायचे आणि पिशवीच्या तोंडाच्या अगदी आतल्या पातळीवर वेढा आवळायचा. त्या वेढ्यासाठी त्यांनी रुग्णाच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी वापरली. १९५५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅक्डोनल्ड यांनी, कुठेही न उघडता वरवरून घालायचा सोपा टाका मांडला. तेव्हापासून जगभरच्या प्रसूतिगृहांत हे दोन शब्द जोडीने चालतात: शिरोडकर आणि मॅक्डोनल्ड. दुसऱ्या गावच्या नव्या डॉक्टरला केसपेपरवर ‘शिरोडकर’ एवढे वाचले की टाका कोणत्या पातळीवर आहे, कसा काढायचा, हे सारे कळते. त्याऐवजी ‘मूत्राशय वर सरकवून अंतर्मुखाशी घातलेला आवरणाखालचा वेढा’ असे लिहायचे का?

याच दुखण्याच्या वर्णनात्मक नावाचे काय झाले, तेही सांगायला हवे. इंग्रजीत त्याला ‘सर्व्हायकल इन्कॉम्पिटन्स’ म्हणत, म्हणजे गर्भाशयमुखाची नालायकी. एकामागून एक गर्भ गमावलेल्या बाईच्या कागदावर हा शब्द लिहिला जाई. तो आता मागे पडून ‘इन्सफिशियन्सी’ आला आहे. दुखण्याचे वर्णन बदलावे लागले. त्यावरच्या उपायाला दिलेले शिरोडकरांचे नाव कधी कोणाला लागले नाही.

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर, तरुण स्त्रीची पिशवी न काढता ती वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया भारतात विकसित झाल्या. पट्टी मागे त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधली की ती शिरोडकरांची, पुढे पोटाच्या भिंतीला बांधली की पुरंदऱ्यांची, बाजूला कमरेच्या हाडाच्या टोकाला बांधली की खन्नांची. भारतातला पदव्युत्तर विद्यार्थी या तीन नावांवरच परीक्षेला बसतो. ‘बांधणीची शस्त्रक्रिया’ असे वर्णन तिघींनाही सारखेच लागू पडते. फरक नावांत आहे.

यावर उत्तर मिळते की नावे बहुतेक युरोपीय पुरुषांची आहेत, ती वसाहतवादी जगाची खूण आहे, म्हणून ती जावीत. पहिली दोन विधाने खरी आहेत, पण त्यांतून तिसरे निघत नाही. जपानच्या हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये थायरॉइडचा विकार मांडला, कावासाकी यांनी १९६७ मध्ये लहान मुलांचा ताप मांडला, ताकायासूंचे नाव महाधमनीच्या दाहाला आहे. व्हर्जिनिया अपगार यांच्या नावाने, जगात जन्मणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाला गुण दिले जातात. शिरोडकर, पुरंदरे, खन्ना आले. ज्या यादीत शंभर-दीडशे वर्षे युरोपचे पुरुष एकटेच होते, तिच्यात आशियातल्या माणसांची आणि स्त्रियांची नावे आत्ता कुठे शिरू लागली आहेत. नेमक्या याच वेळी यादीच फाडायची, तर त्यात तोटा कोणाचा होतो? पाश्चर आणि कॉख यांना पुतळे, नोटा, विद्यापीठे पुरेशी आहेत. शिरोडकरांची जगातली ओळख त्या एका टाक्यात आहे.

श्रेय चुकीच्या माणसाला जाते, हा आक्षेपही वारंवार येतो, आणि त्यात तथ्य आहे. कोणताही शोध त्याच्या खऱ्या शोधकाच्या नावाने ओळखला जात नाही, असा नियमच स्टीफन स्टिग्लर यांनी १९८० मध्ये मांडला होता, आणि त्या नियमाचे श्रेय त्यांनी रॉबर्ट मर्टन यांना दिले. साल्मोनेला या जंतूला डॅनियल साल्मन यांचे नाव आहे, जंतू वेगळा काढला तो त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी. पण चुकलेले श्रेय दुरुस्त करता येते, आणि तसे झालेलेही आहे. जन्मतः हृदयात दोष असलेल्या, निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी १९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. तिला ‘ब्लॅलॉक–टॉसिग शंट’ म्हणत: शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवणारे आणि पहिल्या शस्त्रक्रियांच्या वेळी ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे उभे राहून त्यांना सांगत राहणारे व्हिव्हिअन थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती, म्हणून नावात त्यांना जागा नव्हती. आज अनेक हृदयतज्ज्ञ ‘ब्लॅलॉक–थॉमस–टॉसिग शंट’ असे लिहितात. मधे एक शब्द आला आणि अन्यायाची नोंद रोजच्या व्यवहारात शिरली. तिघांनाही काढून ‘सिस्टेमिक–पल्मनरी शंट’ लिहिले असते, तर थॉमस यांचे नाव कोणत्या शब्दात घालणार होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मे महिन्यात रोगांच्या नामकरणाविषयी जी सूचना काढली, तिचा दाखलाही हमखास येतो. त्या सूचनेत स्थळांची, माणसांची, प्राण्यांची नावे टाळा असे सांगितले आहे खरे. पण ती नव्याने सापडणाऱ्या रोगांसाठी आहे. जुनी, रुळलेली नावे पुसा असे तिने सांगितलेले नाही. स्थळांबाबत तिचा आग्रह भारताला तर लगेच पटावा. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमधल्या एका विकराला २००९ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हे नाव दिले गेले, आणि पुढच्या वर्षी त्यावरून देशात केवढा संताप उसळला होता! गावाच्या नावाने लाखोंवर डाग पडतो. व्यक्तीच्या नावाचे तसे नाही.

भारतीय परिभाषाकारांनी तर या प्रश्नावर फार पूर्वीच विचार केलेला आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या तत्त्वांत, व्यक्तिनामांवरून आलेले शब्द भाषांतर न करता तसेच ठेवावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. फॅरनहाइट, अँपिअर, ब्रेल ही त्यांनीच दिलेली उदाहरणे. परक्या भाषेतल्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवण्यात ज्यांनी कसूर केली नाही, त्या मंडळींनीही माणसाच्या नावाला हात लावला नाही.

नाव न मिळाल्याने काय होते, त्याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट जाहीर केला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसतो. पण ‘ओ’ गटाच्या रक्तात असणारा एच हा प्रतिजन या माणसांत नसतो, त्यामुळे ‘ओ’ रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. त्यांना केवळ त्यांच्याच गटाचे रक्त चालते. मुंबईच्या परिसरात साधारण दहा हजारांत एक असा माणूस आढळतो, युरोपात तो कितीतरी दुर्मीळ. त्या रक्तगटाला नाव मिळाले शहराचे: ‘बॉम्बे’. शहराचे नाव बदलले तरी रक्तगट ‘बॉम्बे’च राहिला. जगातला प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ते नाव पाठ करतो. भेंडे हे नाव त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? महाराष्ट्रातल्या रक्तपेढीत काम करणाऱ्या किती तंत्रज्ञांना ते शिकवले जाते?

नावांची फेरतपासणी व्हावीच. जेथे गुन्हा सिद्ध आहे तेथे त्या शाखेच्या तज्ज्ञांनी कागद समोर ठेवून नाव उतरवावे, आणि ते का उतरवले हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत छापावे. रायटर कोण होता हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. जेथे रुग्णांचा आक्षेप आहे तेथे रुग्णांचे ऐकावे, कारव्हिलच्या रुग्णांचे ऐकले तसे. आणि जेथे नाव असायला हवे होते पण नाही, तेथे ते घालावे. भेंड्यांसाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय परिषदेची वाट पाहायला नको. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, रक्तसंक्रमणाच्या मराठी पुस्तिकांत, रक्तदात्यांच्या कार्डांवर ‘बॉम्बे (भेंडे) रक्तगट’ असे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. ते येत्या शैक्षणिक वर्षापासूनच सुरू करावे.